परक्या चित्रांतून स्वतःकडे

जुनी मासिकं, कात्री, ग्लू स्टिक आणि पुठ्ठ्याचे काही तुकडे. एवढ्या सामग्रीतून माणसाला स्वतःबद्दल काही उमगू शकतं, असं मानणारी एक पद्धत अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९८०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. सीना फ्रॉस्ट या मानसोपचार करणाऱ्या बाईंनी ती घडवली, तिला सोलकोलाज असं नाव दिलं आणि २००१ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. २०१६ मध्ये त्या गेल्या, पण पद्धत टिकून आहे. करायचं ते असं: आठ इंच बाय पाच इंच, म्हणजे आपल्या पोस्टकार्डाच्या साधारण दुप्पट आकाराचे पुठ्ठे घ्यायचे. मासिकं चाळताना जी चित्रं नजरेला धरून ठेवतील ती कापून बाजूला ठेवायची. मग त्यातली दोन-तीन एकमेकांशेजारी, एकमेकांवर ठेवून पाहायची आणि जुळली की चिकटवायची. कार्डावर शब्द लिहायचे नाहीत. कार्ड पुरं झालं की ते समोर धरून त्याच्याच तोंडून बोलायचं, ‘मी ती आहे जी…’ असं सुरू करून. अशी कार्डं साठत जातात, त्यांची गड्डी होते आणि पत्त्यांसारखे तिचे चार रंग असतात. एका रंगात आपल्या स्वभावातली वेगवेगळी पात्रं येतात: घाबरणारी, हिशेब ठेवणारी, सतत दुसऱ्यांची सोय पाहणारी. दुसऱ्यात आपल्या आयुष्यातली खरी माणसं, जिवंत आणि दिवंगत. तिसऱ्यात प्राणी, आणि चौथ्यात माता, योद्धा, भटक्या असे माणसाच्या कथांमध्ये युगानुयुगं भेटणारे नमुने.

हे सगळं ऐकून दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, हा रिकामटेकड्यांचा खेळ. दुसरी म्हणते, चित्रं आपल्या अंतर्मनाचं गुपित बाहेर काढतात. मला दोन्ही चुकीच्या वाटतात. कार्डाच्या आत कुठलंही गुपित दडलेलं नसतं. तरीही ही कृती उपयोगी आहे आणि तिचा उपयोग बऱ्याच अंशी एका गोष्टीवर उभा आहे: ती चित्रं आपली नसतात. ती दुसऱ्या कुणी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेली असतात. हा परकेपणा वरवर उणीव वाटतो. माझ्या मते या पद्धतीचं खरं बळ त्यातच आहे.

परकं चित्र का, स्वतः काढलेलं का नको? त्याचं एक उत्तर सोपं आहे. शाळा सुटल्यानंतर बहुतेकांचा चित्र काढण्याशी संबंध संपतो. चाळिशीतल्या माणसाच्या हाती खडू देऊन ‘मनातलं काढा’ म्हटलं, तर महाराष्ट्रात तरी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी आणि काठावर नारळाच्या झाडाशेजारची झोपडी हेच येण्याची शक्यता फार. तो माणूस खोटं बोलत नसतो. हात सवयीच्या वाटेने जातो, इतकंच. कापून घेतलेलं चित्र त्या वाटेवर आडवं येतं. त्यातल्या बाईच्या चेहऱ्यावर आपण न ठरवलेला भाव असतो, मागच्या भिंतीला आपण न निवडलेला रंग असतो, कोपऱ्यात एखादं कुत्रं उगाचच बसलेलं असतं. त्या अनाहूत तपशिलांशी जुळवून घेताना, नाही तर कात्रीने त्यांना बाहेर काढताना, आपल्याला काहीतरी ठरवावं लागतं. बाहेरची तयार वस्तू चित्रात आली की काय घडतं, हे कलेच्या इतिहासाला १९१२ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड सरळ आपल्या चित्रात चिकटवलं होतं.

मानसशास्त्रातही मासिकांतली चित्रं फार पूर्वी शिरली. १९३५ साली हार्वर्डमध्ये क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी थिमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट, म्हणजे टीएटी, मांडली. तिच्यातली बरीच चित्रं मासिकांतल्या छायाचित्रांवरून आणि रेखाटनांवरून घेतलेली आहेत. व्हायोलिनकडे पाहत बसलेल्या मुलाचं तिचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड प्रख्यात वादक येहुदी मेन्युहिनच्या बालपणीच्या छायाचित्रावरून आलं आहे. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना या चाचणीची चांगली ओळख असते. एसएसबीच्या मुलाखतीत त्यांना अकरा चित्रं एकेक करून अर्धा मिनिट दाखवतात, बारावी चौकट कोरी असते आणि प्रत्येकीवर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते. गृहीत असं, की धूसर चित्राची गोष्ट रचताना माणूस स्वतःच त्या गोष्टीत उतरतो. पण ती गोष्ट वाचून अर्थ लावणारा दुसराच कुणी असतो, आणि तिथेच ही चाचणी सर्वांत कमकुवत ठरते. स्कॉट लिलियनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा चाचण्यांच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा त्यांना आढळलं की या चाचण्यांवरून काढलेल्या बहुतेक निष्कर्षांना पुरेसा आधार नाही. फ्रॉस्ट यांनी ही मांडणी उलटी केली. चित्र निवडणारी व्यक्ती तीच, जोडणारी तीच आणि बोलणारीही तीच. गटात बसून कार्डं करताना दुसऱ्याच्या कार्डाचा अर्थ सांगायचा नाही, हा त्यांचा पक्का नियम आहे. मला तो या पद्धतीतला सर्वांत शहाणा नियम वाटतो.

आता खरा प्रश्न. चित्र निवडण्यातून काही कळतं, याला पुरावा काय? टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. विद्यार्थिनींना काही पोस्टरं दाखवली: काही मोने आणि व्हॅन गॉग यांच्या चित्रांची, काही गमतीशीर, प्राण्यांची वगैरे. निम्म्या जणींना आधी, कुठलं का आवडतं किंवा नावडतं, याची कारणं लिहायला सांगितली. बाकीच्यांना तसं सांगितलं नाही. मग प्रत्येकीने एक पोस्टर निवडून घरी न्यायचं होतं. कारणं लिहिणाऱ्यांची निवड गमतीशीर पोस्टरांकडे जास्त झुकली आणि तीन आठवड्यांनी विचारलं तेव्हा आपल्या निवडीवर त्या इतरांपेक्षा कमी खूश होत्या. स्पष्टीकरण असं दिलं गेलं की कारण शोधायला बसलो की जे शब्दांत पटकन सांगता येतं त्याचं वजन वाढतं, आणि जे खरोखर भावलेलं असतं पण सांगता येत नाही ते मागे पडतं. मासिकाची पानं भराभर उलटत, ‘हे का?’ असं न विचारता चित्र कापून घ्यायचं, ही सोलकोलाजची सूचना वरवर गूढ वाटते. या प्रयोगाशेजारी ठेवून पाहिली तर ती व्यवहारी आहे.

पण पुरावा तेवढ्यावर थांबत नाही आणि पुढचा पुरावा या पद्धतीला अडचणीत आणणारा आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. एकशेवीस जणांना दोन-दोन स्त्रियांचे फोटो दाखवून, अधिक आकर्षक कोण ते निवडायला सांगितलं. काही वेळा हातचलाखी करून त्यांच्या हाती न निवडलेला फोटो ठेवला आणि विचारलं, ‘हिला का निवडलं?’ बहुतेक वेळा अदलाबदल त्यांच्या लक्षातच आली नाही. त्यांनी शांतपणे कारणं सांगितली. कुणी तर कानातले आवडले म्हणून सांगितलं, आणि ते कानातले मुळात निवडलेल्या फोटोत नव्हतेच. म्हणजे आपण चित्र का निवडलं याबद्दल आपण जे बोलतो ते अनेकदा जागच्या जागी रचलेलं असतं, आणि रचतोय याची आपल्याला गंधवार्ताही नसते. मग कार्ड हाती धरून बोलणारी बाई तरी वेगळं काय करते? तिने रचलेल्या गोष्टीला आत्मशोध का म्हणायचं?

हा आक्षेप मला गंभीर वाटतो आणि तो पूर्ण मान्य करूनच पुढे जायला हवं. कार्डातून निघालेलं वाक्य हे सत्य नसतं, ते एक विधान असतं. आपण दिवसभर स्वतःबद्दल जे मानून चालतो ते इतकं धूसर असतं, की त्याला खरं किंवा खोटं ठरवायची वेळच येत नाही. कार्ड त्या धूसरपणाला एका ठिकाणी उभं करतं. समजा, एखाद्या बाईने बंद दुकानाच्या शटरसमोर उभा असलेला बगळा चिकटवला आणि त्याच्या तोंडून ती म्हणाली, ‘मी ती आहे जी दार उघडेल म्हणून थांबून राहते, पण हाक मारत नाही.’ हे वाक्य तिने आत्ता रचलं असेल, असू दे. आता ते तपासता येतं. गेल्या महिन्यात कामाच्या ठिकाणी तिने रजा मागितली का, की साहेब स्वतः विचारतील म्हणून वाट पाहिली? भावाशी अबोला आहे, त्यात पहिली हाक कुणी मारायची होती? तपासात वाक्य टिकलं तर तिला काही कळलं. टिकलं नाही तर तेही कळणंच. म्हणून ‘हे चित्र का निवडलं?’ हा प्रश्न टाळून ‘तू कोण?’ असं कार्डाला विचारायचं, ही फ्रॉस्ट यांची युक्ती मला योग्य वाटते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर भूतकाळातल्या एका क्षणाबद्दल असतं आणि तो क्षण आपल्याला दिसत नाही, हे लुंडच्या प्रयोगाने दाखवलं. दुसऱ्याचं उत्तर आपल्या वागण्याबद्दल असतं, आणि वागणं घरातल्या इतरांनाही दिसतं. त्यासाठी कार्डामागे पेन्सिलीने तारीख आणि बोललेली दोन वाक्यं लिहून ठेवावीत, असं मी सुचवेन. समोरची बाजू निःशब्दच राहू दे. सहा महिन्यांनी तेच कार्ड उचललं आणि वेगळंच बोललं गेलं, तर मागचं वाक्य शेजारी असायला हवं. ते नसेल तर स्मरणशक्ती जुनं वाक्य नव्यासारखं करून टाकते.

दुसरा आक्षेप भविष्यकथनाचा. गड्डी म्हटली की कार्ड ओढणं आलं, आणि कार्ड ओढणं आलं की टॅरो आठवतो. सोलकोलाजमध्येही प्रश्न मनात धरून न पाहता कार्डं ओढण्याची प्रथा आहे. अशा वेळी कुठलंही वाक्य आपलंच वाटण्याचा धोका असतो. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एक स्वभाववर्णन दिलं. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गुळगुळीत वाक्य कुणालाही बसतं. ‘मी ती आहे जी तुझ्यातला प्रकाश जपते’ असं कार्ड बोललं, तर ते फोररच्या मजकुराइतकंच पोकळ आहे, ते स्वतःच्या तोंडून निघालं म्हणून भरीव होत नाही. बगळ्याच्या वाक्यात आणि या वाक्यात फरक इतकाच की पहिलं खोटं ठरू शकतं. कार्ड ओढून उद्याच्या मुलाखतीचं काय होईल ते विचारू नये. उद्याच्या मुलाखतीत माझ्यातलं कोणतं पात्र आधी तोंड उघडेल, असं विचारलं तर त्याचं उत्तर परवा पडताळता येतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो. ज्या मासिकांतून आपण चित्रं कापतो ती चित्रं निर्दोष नाहीत. ती काहीतरी विकण्यासाठी काढलेली आहेत. गुळगुळीत कागदावरच्या बायका बहुधा गोऱ्या, सडपातळ आणि तिशीच्या आतल्या. घरं ऐसपैस, ओटे रिकामे, मुलं स्वच्छ. कापणीच्या दिवसांत ऊसतोडीला जाणारी बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, पन्नाशीतली सावळी मावशी त्यात दिसलीच तर सरकारी योजनेच्या जाहिरातीत, आणि तिथेही हसत. मग अशा रद्दीतून जो ‘स्व’ सापडेल तो बाजाराने शिवलेला नसेल कशावरून? या आक्षेपाला पहिलं उत्तर बर्लिनमध्ये सापडतं. हाना होख ही चित्रकार १९१६ पासून दहा वर्षं उल्श्टाइन या बड्या प्रकाशनगृहात नोकरीला होती आणि तिथल्या बायकांच्या मासिकांसाठी भरतकाम, लेस यांचे नमुने काढत होती. त्याच सुमारास तिने सचित्र साप्ताहिकांतले पुढाऱ्यांचे, नर्तकींचे, यंत्रांचे फोटो कापून त्यांतून त्या काळाची चिरफाड करणारी चित्रं रचली. १९१९-२० च्या तिच्या सर्वांत गाजलेल्या कोलाजच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातल्या सुरीने केलेल्या कापणीचा उल्लेख आहे. कापणं ही शरणागती नाही, हे तिच्याकडून शिकावं. जाहिरातीतली बाई मालाच्या नावापासून, घोषवाक्यापासून आणि त्या चकचकीत ओट्यापासून सुटी केली, तिच्या मागे तडकलेली जमीन ठेवली, की जाहिरातदाराने तिला दिलेलं काम ती करेनाशी होते.

पण होखचं उदाहरण पुरतं का? ती शिकलेली चित्रकार होती आणि प्रतिमांशी भांडायची तिला सवय होती. ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी दुसरं उत्तर अधिक साधं आहे: रद्दी बदला. कापायला मिळणारी चित्रं फक्त फॅशनच्या मासिकांत असतात असं नाही. जुने दिवाळी अंक, शेतीविषयक मासिकं, बियाण्यांची पाकिटं, काडेपेट्यांचे छाप, जुनी पाठ्यपुस्तकं, एसटीचं तिकीट, कॅलेंडरं, लग्नपत्रिका. पत्रिकेचा जाड कागद तर पुठ्ठ्यावर चढवायला उत्तम. वर्तमानपत्राचा कागद मात्र डिंकाने किंवा फेव्हिकॉलने सुरकुततो, त्याला ग्लू स्टिकच बरी, आणि पुठ्ठा हवा असेल तर फ्रेमवाल्याकडे माउंट बोर्डाचे कापून उरलेले तुकडे मिळतात. घरच्या माणसांच्या फोटोंवर कात्री चालवू नये, झेरॉक्स काढावी. आणि जे चित्र कुठेच मिळत नाही त्याची नोंद ठेवावी. आपल्या आईसारखी दिसणारी बाई वीस मासिकांत सापडली नाही, तर तो शोध आपल्या मनाबद्दलचा नसेल, पण ज्या समाजात ते मन वाढलं त्याच्याबद्दलचा नक्कीच आहे.

इकडे एक वेगळी अडचणही आहे, जी कॅलिफोर्नियात फारशी आली नसावी. आपल्याकडच्या कॅलेंडरांतली निम्मी चित्रं देवांची. त्यांना कात्री लावायला हात धजत नाही आणि तो धजू नये असं वाटणाऱ्याला मी आग्रह करणार नाही. गड्डीचा जो तिसरा, प्राण्यांचा रंग आहे त्याचा धागाही आपल्याकडेच येऊन मिळतो. फ्रॉस्ट यांनी तो सात चक्रांशी जोडला आणि प्रत्येकाने डोळे मिटून प्रत्येक चक्राचा आपला आपला प्राणी कल्पनेत शोधावा असं सुचवलं. आपल्या तांत्रिक परंपरेत हे प्राणी ठरलेले आहेत: मूलाधाराला हत्ती, स्वाधिष्ठानाला मकर, मणिपुराला मेंढा, अनाहताला काळवीट. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना कुंडलिनीचा हा सुटसुटीत अमेरिकी अवतार फार पातळ वाटेल, आणि माझंही मत तेच आहे. हा रंग गाळला तरी गड्डीचं काही बिघडत नाही. पहिले दोन रंग, आपल्यातली पात्रं आणि आपली माणसं, खरं काम करतात.

मनाच्या आरोग्याला याचा किती फायदा होतो, हेही मोजूनमापून बोलावं. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती किंवा कोलाजचं साहित्य वापरून हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते घटलेलं दिसलं, आणि चित्रकलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. बातमी चांगली आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ४५ मिनिटं शांत बसून शेंगा सोलल्या असत्या तर काय झालं असतं, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. त्यामुळे कार्डं करून नैराश्य बरं होतं असा दावा कुणी केला तर तो नाकारावा. ज्याला झोप येत नाही, जगणं नकोसं झालं आहे, जुना आघात पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येतो, त्याने एकट्याने कात्री घेऊन बसू नये. अशा माणसाला प्रशिक्षित उपचारकाची सोबत हवी. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मदतवाहिनीही आहे. एखादं चित्र चिकटवताना अचानक रडू कोसळलं, तर तिथेच थांबायची मुभा प्रत्येकाला हवी, आणि गट चालवणाऱ्याने ती आधीच स्पष्ट सांगायला हवी.

चित्रांच्या मालकीचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्याची चित्रं कापून स्वतःपुरतं कार्ड करणं वेगळं आणि ते छापून विकणं वेगळं. फ्रॉस्ट यांनीही कार्डं विकायची नाहीत किंवा त्यांची देवघेव करायची नाही असंच ठरवलं होतं. त्या नियमामागे छायाचित्रकाराच्या हक्काचा मान आहे, शिवाय बाजारात गेलेलं कार्ड गिऱ्हाइकाला आवडेल असं होऊ लागतं, हा धोकाही टळतो.

उरतो एकांताचा प्रश्न. आत्मशोधाचं नेहमीचं साधन म्हणजे रोजनिशी, आणि ती लिहायला स्वतःचा कप्पा लागतो. दोन खोल्यांच्या घरात, सासू-नणंदांच्या वावरात, वसतिगृहाच्या सामायिक कपाटात लिहिलेली वही कुणाच्याही हाती लागू शकते. ही भीती असलेली बाई वहीत खरं लिहीत नाही. कार्डाच्या समोरच्या बाजूवर शब्द नसतात. शटरसमोरचा बगळा घरातल्या कुणी पाहिला तरी त्याला त्यात एक पक्षी दिसेल, फार तर मुलांच्या शाळेच्या प्रकल्पातलं काहीतरी. मागे वाक्यं लिहायची सोय नसेल तर नुसती तारीख टाकावी आणि बोलायचं ते मनात बोलावं. तपासाला थोडी अडचण येईल, पण काम चालतं. पुस्तकांत, कपड्यांच्या घडीत, शिवणाच्या डब्यात अशी वीस-पंचवीस कार्डं राहू शकतात.